रात्री आठची गोळी

मी लाकडं विकतो.
जूनमध्ये टेमर नदीच्या खोऱ्यात धुकं बैठक मारतं
आणि शेगड्यांचा धूर त्याच्या मांडीखाली सापडतो.
वर जायला वाट नाही,
म्हणून तो घराघरांत शिरतो,
माझ्याच लाकडांचा धूर,
सुकी, फोडलेली, घरपोच.

ब्रिओनी पाच वर्षांची.
रात्रभर तिच्या छातीत किटलीसारखी शिट्टी वाजे,
दर श्वासाला गळ्याच्या खळगीतली कातडी आत ओढली जाई,
आणि जोसलिन तिला मांडीवर ताठ धरून बसे
घड्याळाकडे पाठ करून.

मग ती गोळी आली.
गुलाबी, चेरीच्या चवीची, चावून खायची,
रात्री आठला, दात घासायच्या आधी.
नवव्या दिवशी शिट्टी थांबली.
मी दाराशी अंधारात उभा राहून ऐकलं,
नुसता श्वास,
गाठ नसलेल्या लाकडातून करवत जावी तसा सरळ.
रडू आलं मला. कुणाला सांगू नका.

तिसऱ्या आठवड्यात ती किंचाळत उठली.
डोळे उघडे, पण आम्ही त्यांत नव्हतो.
कपाटात माणसं आहेत म्हणाली, ओली माणसं.
दिवा लावला, कपाट रिकामं केलं:
गमबूट, रेनकोट, एक फुटकी बादली.
‘आता ती तुझ्या मागे आलीत,’ म्हणाली.

मग दिवसाही.
कुत्र्याला लाथ. मटन त्याचं नाव, म्हातारा आहे,
त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची हीच.
शाळेत बाईंच्या मनगटाला चावली.
बाईंनी खूण दाखवली. आठ दात.
मी मोजले, कारण त्यांच्या तोंडाकडे बघवेना.
आणि एकदा, मटार सोलता सोलता, अगदी गोड आवाजात,
‘बाबा, मी नसले तर तुम्हाला बरं वाटेल का?’

ती शेंग मी सोललीच नाही.

सासूबाई म्हणाल्या, लाड.
शाळा म्हणाली, घरात काही चाललंय का?
घरात चाललंच होतं की.
मी म्हणालो, तुझ्या भावावर गेलीय.
जोसलिन म्हणाली, आरशात बघ.
असं बरंच. उगाळत नाही.

औषधवाल्या मिस हॅलोरनकडे लाकडं रचत होतो.
‘पोरगी कशी आहे?’
‘श्वास एकदम छान.’
‘आणि बाकीची?’

बाकीची.
हे कुणी विचारलंच नव्हतं.
हातातला ओंडका खाली ठेवून मी सगळं सांगितलं.
त्यांनी चष्मा लावला, कपाटातून एक खोकं काढलं,
घडीचा कागद उलगडला, भुशासारखी बारीक अक्षरं:
वाईट स्वप्नं, चिडचिड, मारकुटेपणा, खिन्नता.
‘सगळ्याच मुलांना होत नाही. पण उद्या सकाळीच डॉक्टर गाठा.’

तसला कागद आमच्याही खोक्यात होता.
मी त्याच्यानं शेगडी पेटवली होती.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. गोळी थांबवली,
वेगळा फवारा दिला, सकाळ-संध्याकाळ.
‘म्हणजे गोळीमुळेच?’
‘छातीठोक सांगता येणार नाही. पाहू या.’

पाहतोय.
अकराव्या रात्री ती सलग झोपली.
चौदाव्या रात्री शिट्टी परतली, बारीक, ओळखीची,
आणि, लाज वाटते सांगायला,
मला हायसं वाटलं.
आगीतून फुफाट्यात म्हणतात,
आम्ही फुफाट्यातून उलटे आगीत आलो
आणि तिच्यापाशी हात शेकत बसलो.

आमच्या घरात आता शेगडी पेटत नाही.
विजेचा हीटर आहे, बिल येतं तेव्हा दोघंही गप्प असतो.
लाकडं मात्र विकतो. दुसरं काही येत नाही मला.

काल ती मटनजवळ गेली,
हात पुढे केला, मागे घेतला.
‘बाबा, त्याला लाथ कुणी मारली होती?’

मी उत्तर जुळवत होतो
तोवर मटनच उठला, कुरकुरत्या सांध्यांनी,
एक गिरकी घेतली
आणि तिच्यापासून हातभर अंतरावर आडवा झाला.

हातभर. मी मोजलं.